संशयाची नीती : परग्रहावरील जीवसृष्टी दडविली जात आहे काय?

अमेरिकेची 'नासा' ही अवकाश संशोधन संस्था परग्रहावरील जीवसृष्टीचे पुरावे जगापासून लपवून ठेवीत आहे, असे मानणाऱ्यांची संख्या आज लहान नाही. पूर्वी ही गोष्ट उडत्या तबकड्यांवरील स्वस्त पुस्तकांतून वाचावयास मिळे. आता ती मोबाईलच्या पडद्यावरून खेड्यापाड्यांत पोहोचली आहे. आठवी-नववीची मुले वर्गात हा प्रश्न विचारतात आणि त्यांच्या विचारण्यात थट्टा नसते. सुशिक्षित माणसे मात्र यावर हसतात. मला हे हसणे पसंत नाही. "ज्यांच्या हाती सत्ता आहे ते आपल्यापासून काही लपवीत असतील काय?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्यांच्यापासून ज्ञान दूर ठेवले गेले त्यांना तर तो पडणारच, आणि पडलाच पाहिजे.

परंतु वाचकहो, प्रश्न पडणे ही एक गोष्ट आहे आणि आरोप करणे ही दुसरी गोष्ट आहे. "लपविले आहे काय?" असे विचारणारा उत्तराची वाट पाहतो. "लपविलेच आहे" असे म्हणणाऱ्याने मात्र दुसऱ्या माणसाला खोटारडा ठरविलेले असते, आणि असे ठरविणाऱ्यावर काही जबाबदारी येते. त्या जबाबदारीचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम संशय घेणाऱ्यांच्या बाजूने जे खरे आहे ते मान्य केले पाहिजे. ते मान्य न करता पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

1947 साली अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात, रॉसवेल गावाच्या परिसरातील एका कुरणावर काही विचित्र अवशेष सापडले. 8 जुलै रोजी तेथील लष्करी विमानतळाने स्वतःच पत्रक काढले की, आमच्या हाती 'उडती तबकडी' आली आहे. थोड्याच वेळात वरिष्ठांनी खुलासा केला की, तो हवामानखात्याचा फुगा होता. पुढे जवळजवळ अर्धे शतक लोक म्हणत राहिले की, सरकार काहीतरी लपवीत आहे. आणि 1994 साली अमेरिकेच्या हवाई दलाने अहवाल काढून सांगितले की, होय, लपविले होते! ते अवशेष 'मोगल' नावाच्या गुप्त योजनेतील फुग्यांचे होते. सोव्हिएट रशियाने अणुस्फोट केला तर त्याचा आवाज उंच आकाशात टिपावा म्हणून ते फुगे ध्वनिग्राहक बांधून सोडले जात होते.

दुसरे उदाहरण यू-2 या हेरविमानाचे. 1955 साली हे विमान प्रथम उडाले. ते 60,000 फुटांहून अधिक उंचीवरून जाई. त्या काळची प्रवासी विमाने साधारण 10 ते 20 हजार फुटांवरून जात. संध्याकाळी खाली अंधार पडलेला असे आणि त्या उंचीवर मात्र सूर्याचे किरण विमानाच्या पंखांवर पडून ते पेटल्यासारखे चमके. वैमानिकांनी व सामान्य लोकांनी 'काहीतरी दिसले' म्हणून कळविले. सरकारला ते काय आहे हे ठाऊक होते. तरी बर्फाचे कण, तापमानातील फरक अशी खोटी कारणे लोकांना सांगण्यात आली. हेही अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने 1997 साली आपल्याच प्रकाशनात कबूल केले.

तेव्हा ज्या माणसाने म्हटले की "सरकार खोटे बोलत आहे", तो चुकला नव्हता. त्याचे पहिले वाक्य खरे निघाले. चूक त्याच्या दुसऱ्या वाक्यात होती. सरकार लपविते, म्हणून सरकार परग्रहवासी लपविते, ही उडी कोणत्या आधारावर मारली? लपविले होते ते स्वतःचे यंत्र, आणि शत्रूपासून लपविले होते. रॉसवेलच्या वेळी तर 'नासा' जन्मालाही आली नव्हती; तिचे कामकाज 1 ऑक्टोबर 1958 रोजी सुरू झाले. तरीही रॉसवेलचे पाप आजवर तिच्या माथी मारले जाते.

सत्ता माणसांपासून सत्य कसे लपविते याचा एक नमुना याहून फार भयंकर आहे. त्याचा विचार उडत्या तबकड्यांच्या चर्चेत कोणी करीत नाही, म्हणून मी तो येथे मुद्दाम करतो. 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षे अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे सुमारे सहाशे गरीब काळ्या पुरुषांवर एक 'अभ्यास' चालविला. त्यांतील 399 जणांना उपदंश झालेला होता. त्यांना रोगाचे नाव सांगितले नाही. 1940 नंतरच्या दशकात पेनिसिलीन हे खात्रीचे औषध हाती आले, तरी ते दिले नाही. उपचार न झालेल्या माणसाचे शरीर कसे ढासळते, एवढेच पाहावयाचे होते. 1972 साली त्याच खात्यात काम केलेल्या एका माणसाने कागद वृत्तसंस्थेला दिले आणि मग सारे उघड झाले.

आता यातील विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, या 'अभ्यासा'ची माहिती त्या चाळीस वर्षांत वैद्यकीय मासिकांतून छापून येत होती! डॉक्टर मंडळी ती वाचीत होती. ज्यांच्यापासून ती लपविली होती ती माणसे मासिके वाचणारी नव्हती. म्हणजे एवढे मोठे सत्य कोठल्याही तळघरात कुलपात नव्हते. ते ग्रंथालयाच्या फळीवर होते. खरी लपवाछपवी पुष्कळदा अशी असते. तिला बळी पडलेली माणसे दाखविता येतात, तिचा लाभ कोणाला झाला हे सांगता येते, तिचे कागद असतात आणि एक दिवस कोणीतरी ते कागद बाहेर काढतो. परग्रहवासी दडविल्याच्या आरोपात यांपैकी काय आहे?

2023 च्या जुलैमध्ये अमेरिकन काँग्रेसच्या एका उपसमितीपुढे हवाई दलाचे माजी गुप्तवार्ता अधिकारी डेव्हिड ग्रश यांनी शपथेवर सांगितले की, सरकारजवळ मानवाने न बनविलेली याने आणि मानवेतर देहांचे अवशेष आहेत. जगभर खळबळ उडाली. परंतु त्यांनी स्वतः ते पाहिले नव्हते. पाहिलेल्यांनी आपणास सांगितले, असे त्यांचे म्हणणे होते. शपथ घेणाऱ्याची निष्ठा मी नाकारीत नाही. पण ऐकीव गोष्ट शपथेवर सांगितल्याने ती पाहिलेली गोष्ट होत नाही, हे गावच्या पंचांनाही कळते. 2024 च्या मार्चमध्ये अमेरिकन संरक्षण खात्याच्या कार्यालयाने जुने दप्तर तपासून अशा यानांचा काहीही पुरावा नाही असा अहवाल दिला. संशय घेणारा म्हणेल, चोरानेच चोरीचा तपास केला! हा आक्षेप मला मुळीच हास्यास्पद वाटत नाही. म्हणूनच संरक्षण खात्याच्या शब्दावर न विसंबता, अवकाश संशोधन संस्थांचे आजवरचे वर्तन काय सांगते ते पाहू.

1976 साली नासाची व्हायकिंग नावाची दोन याने मंगळावर उतरली. मातीत सूक्ष्म जीव आहेत काय हे पाहण्यासाठी प्रत्येक यानात तीन प्रयोग होते. त्यांतील एक गिल्बर्ट लेव्हिन या शास्त्रज्ञाचा. मातीत पोषक द्रव घालावयाचा; त्यातील कार्बन किरणोत्सारी; जीव असतील तर ते द्रव खाऊन वायू सोडतील आणि तो वायू यंत्राला कळेल. वायू निघाला! माती खूप तापवून तोच प्रयोग केला तेव्हा निघाला नाही. जीव असतील तर असेच घडावे. पण दुसऱ्या यंत्राला त्या मातीत सेंद्रिय पदार्थच मिळेनात, आणि ज्याचा देहच सापडत नाही तो जीव कसा मानावा, म्हणून बहुतेक शास्त्रज्ञांनी ही मातीतील रासायनिक क्रिया ठरविली. लेव्हिन यांना ते पटले नाही. 2021 साली त्यांचे निधन झाले. तोवर ते सांगत राहिले की, आम्हाला मंगळावर जीव सापडले होते. 2019 साली एका प्रसिद्ध विज्ञान मासिकाच्या माध्यमातूनही त्यांनी ते लिहिले. नासाच्याच यानावरील प्रयोगाचा प्रमुख वर्षानुवर्षे जाहीरपणे नासाच्या निष्कर्षाविरुद्ध बोलतो, लिहितो, आणि त्याचे आकडे साऱ्यांना उपलब्ध असतात. याला लपविणे म्हणता येईल काय? वाद म्हणावे. पुढे 2008 साली फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाचे क्षार सापडले. माती तापविली असता हे क्षार सेंद्रिय पदार्थ नष्ट करू शकतात, म्हणून व्हायकिंगचा जुना निकाल पुन्हा चर्चेला आला. तो वाद आजही मिटलेला नाही.

त्याच 1976 च्या जुलैमध्ये व्हायकिंगने मंगळाच्या सायडोनिया भागाचे एक छायाचित्र पाठविले. त्यात एक टेकडी माणसाच्या चेहऱ्यासारखी दिसत होती. हे छायाचित्र कोणी चोरून बाहेर आणले नाही. नासानेच ते काही दिवसांत प्रसिद्ध केले आणि हा सावल्यांचा खेळ आहे असे सांगितले. पुढे पुस्तके निघाली की, तो प्राचीन संस्कृतीचा पुतळा आहे आणि नासा ते दडवीत आहे. ज्याने दाखविले त्याच्यावरच दडविल्याचा आरोप! 1998 आणि 2001 साली अधिक चांगल्या कॅमेऱ्यांनी तीच टेकडी टिपली, तेव्हा चेहरा विरून गेला. यावर काही जणांनी काय म्हटले? चित्रांत फेरफार केला आहे.

मुख्य अडचण येथे आहे. पुरावा मिळाला तर लपविणे सिद्ध. पुरावा मिळाला नाही तर लपविण्याचे कौशल्य सिद्ध. अशा मनुष्याला मी एकच प्रश्न विचारीन : बाबा रे, काय दाखविले असता तू म्हणशील की, लपविलेले नाही? त्याच्याजवळ याचे उत्तर नसेल तर त्याने संशय सोडून श्रद्धा धरली आहे. तो स्वतःला चिकित्सक म्हणवितो, पण देवळातील मूर्तीवरचा विश्वास आणि नासाच्या तळघरावरचा विश्वास यांत मला काही अंतर दिसत नाही. दोन्हीही तपासाच्या पलीकडे ठेवलेले असतात.

आता हेतूकडे वळू. जीवसृष्टी सापडली तर लोक घाबरतील, म्हणून सांगत नाहीत, असे कारण दिले जाते. त्याला आधार म्हणून 1960 साली ब्रुकिंग्स संस्थेने नासासाठी तयार केलेल्या अहवालाकडे बोट दाखवितात. त्या अहवालात, परग्रहावरील बुद्धिमान जीवांचा शोध लागल्यास तो जनतेला कसा सांगावा आणि कोणत्या परिस्थितीत रोखून ठेवावा, याचा अभ्यास व्हावा असे सुचविलेले आहे. ही गोष्ट खरी आहे. पण ती सूचना जाहीर अहवालात आहे, कट करणारे आपल्या कटाचा प्रश्न छापून वाटीत नाहीत, हेही लक्षात घ्यावे.

उलट प्रत्यक्षात जे घडले ते पाहिले तर या संस्थेचा दोष घाईने जाहीर करण्याचा आहे. 1984 साली अंटार्क्टिकात सापडलेली, मंगळावरून आलेली सुमारे दोन किलोची एक अशनी होती. तिच्यात अतिसूक्ष्म जीवाश्मांसारख्या आकृत्या दिसल्या, म्हणून 1996 च्या ऑगस्टमध्ये नासाने पत्रकार परिषद घेतली आणि त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर उभे राहून त्यावर भाषण केले. एक गोष्ट मात्र नासाने चांगली केली. त्या परिषदेत त्यांनी विल्यम शॉफ या जीवाश्मतज्ज्ञालाच व्यासपीठावर बसविले, आणि त्याने तेथेच सांगितले की, हा पुरावा पुरेसा नाही. पुढे बहुसंख्य शास्त्रज्ञ त्याच्याच मताचे झाले. 2010 साली पुन्हा तेच. कॅलिफोर्नियातील मोनो सरोवरातील जिवाणू फॉस्फरसऐवजी आर्सेनिकवर जगतो, असे नासाच्या मदतीने झालेले संशोधन गाजावाजा करून जाहीर केले गेले. 2012 मध्ये इतरांच्या प्रयोगांनी ते टिकले नाही, आणि 2025 च्या जुलैमध्ये 'सायन्स' या नियतकालिकाने तो निबंधच मागे घेतला.

या घाईमागे पैसा आहे, हे सांगावयास संकोच कशाला? अमेरिकेत दरवर्षी काँग्रेस निधी मंजूर करते. आकाशातून येणारे बुद्धिमान जीवांचे संदेश ऐकण्याची नासाची योजना 1992 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली आणि वर्षभरातच, 1993 साली, काँग्रेसने तिचा पैसा बंद केला. ज्याच्या पेटीत परग्रहवासीयांचा पुरावा आहे तो हात पसरून उभा राहील आणि पेटी उघडणार नाही, हे पटत नाही.

थांबणे आणि लपविणे यांतील भेदही येथे सांगितला पाहिजे. 1967 च्या अखेरीस इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे जोसेलिन बेल या विद्यार्थिनीला आकाशातून दर 1.33 सेकंदांनी येणारी नियमित स्पंदने सापडली. इतकी नियमित की, त्या मंडळींनी थट्टेने त्या उगमाला 'लहान हिरवी माणसे' असे नाव दिले. काही आठवडे त्यांनी कोणाला सांगितले नाही. यंत्रात दोष आहे काय, पृथ्वीवरून येणारा संदेश आहे काय, हे तपासले. मग बेल यांनाच आकाशाच्या अगदी वेगळ्या भागात तसाच दुसरा उगम सापडला. दोन ठिकाणची हिरवी माणसे एकाच वेळी पृथ्वीला संदेश पाठवीत असतील हे संभवत नव्हते. तो एक नवा तारा निघाला, त्याला आपण स्पंदक म्हणतो. 1968 च्या फेब्रुवारीत सारे प्रसिद्ध झाले. ते काही आठवडे म्हणजे लपवाछपवी होती काय? माझ्या मते नव्हती. न तपासता ओरडणे हाही जनतेशी केलेला एक प्रकारचा खोटेपणाच होय. 1974 साली या शोधाचे नोबेल पारितोषिक बेल यांच्या मार्गदर्शकाला मिळाले, बेल यांना नाही. छुपे अन्याय शोधीत फिरणाऱ्यांनी हा भर सभेत झालेला अन्यायही कधी पाहावा.

आणि आकाश काही एका संस्थेच्या मालकीचे नाही. आपल्या पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळ खोडद येथे तीस मोठ्या तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येक तबकडीचा व्यास 45 मीटर. 19 ऑक्टोबर 2016 रोजी युरोपीय अवकाश संस्थेचे शियापारेली यान मंगळावर उतरत असताना त्याचा क्षीण संदेश या खोडदच्या दुर्बिणीने ऐकला, आणि तो अचानक तुटला हेही ऐकले. यान आदळून फुटले होते. मंगळावर घडलेले अपयश जुन्नर तालुक्यात ऐकू येते, तर गुपित कोण कोठे ठेवणार? अमेरिकेने दडविले तर रशियाने दडवावयाचे कारण काय? चीनचे यान 2021 साली मंगळावर उतरले, भारताचे यान 2014 साली मंगळाभोवती फिरू लागले. एकमेकांचे उणे काढण्यास टपलेली ही राष्ट्रे एवढ्या एका बाबतीत सख्खे भाऊ झाली, असे मानावे लागेल.

याचा अर्थ या संस्थांना मोकळे सोडावे असा मुळीच नाही. 2022 साली नासाने आकाशातील अनोळखी घटनांचा अभ्यास करण्यासाठी सोळा जणांची समिती नेमली. 14 सप्टेंबर 2023 रोजी अहवाल आला : या घटना परग्रहावरून आल्या असे मानण्यास आधार नाही, परंतु माहितीही चांगल्या प्रतीची नाही. त्याच दिवशी नासाने या कामासाठी एक संचालक नेमल्याचे सांगितले आणि त्याचे नाव मात्र सांगण्यास नकार दिला! समितीच्या सभासदांना धमक्या आल्या होत्या, हे कारण देण्यात आले. काही तासांनी नाव जाहीर करावे लागले. संशयाला याहून चांगले खाद्य कोणते? पण त्या धमक्या कोणी दिल्या हेही विचारा. "सत्य सांगा" म्हणणाऱ्यांनीच सत्य शोधावयास बसलेल्यांना भय दाखविले. पुराव्यावाचून हजारो लोकांना, त्यांत यंत्रे जोडणारे कामगार आले, आकडे मांडणाऱ्या बाया आल्या, पगारासाठी जन्मभर खोटे बोलणारे म्हणावयाचे, याचा शेवट तेथेच होतो.

लष्कराचा प्रश्न वेगळा आहे. लढाऊ विमानाने साध्या फुग्याचे चित्र घेतले तरी ते गुप्त ठरते, कारण फुगा गुप्त नसला तरी कॅमेऱ्याची शक्ती गुप्त असते. ही सबब अनेकदा खरी असेल, अनेकदा सोयीची असेल. तेथे जनतेने आग्रह धरलाच पाहिजे. शास्त्रज्ञांनाही काही दुर्बिणींची माहिती वर्षभर स्वतःकडे राखण्याची सवलत आहे. आधी श्रम केले त्याला आधी लिहू द्यावे, हा तिचा हेतू असला तरी पैसा जनतेचा आहे. या सवलतीवर वाद घालण्यास जागा आहे.

परंतु आज या विषयातील सर्वात मोठा प्रश्न मला लपविण्याचा वाटत नाही. 2024 च्या जुलैमध्ये नासाच्या पर्सिव्हिअरन्स या फिरत्या यानाला मंगळावरील जेझेरो विवरात, प्राचीन नदीच्या पात्रात, एक दगड सापडला. त्यावर बिबट्याच्या अंगावर असतात तसे ठिपके. पृथ्वीवर असे ठिपके पुष्कळदा सूक्ष्म जीवांच्या कामामुळे पडतात. जीवांवाचूनही पडू शकतात. नासाने त्याच महिन्यात ही गोष्ट जाहीर केली, आणि 10 सप्टेंबर 2025 रोजी, निबंध तपासून छापल्यावर, 'संभाव्य जीवखूण' एवढेच शब्द वापरले. दगडाचा गाभा काढून नळीत बंद केलेला आहे. तो पृथ्वीवरील प्रयोगशाळेत आल्याखेरीज निकाल लागणे कठीण. आणण्याचा खर्च 11 अब्ज डॉलरपर्यंत जाईल आणि 2040 उजाडेल असा अंदाज 2024 मध्ये पुढे आला, आणि तेव्हापासून ती योजना अडखळत पडली आहे. मानवजातीने आजवर विचारलेल्या सर्वात मोठ्या प्रश्नाचे उत्तर कदाचित त्या बोटाएवढ्या नळीत आहे. ती नळी कोठे आहे हे साऱ्या जगाला ठाऊक आहे, तिची छायाचित्रे कोणालाही पाहता येतात. तळघरातील पेटीसाठी आरडाओरडा करणाऱ्यांपैकी किती जणांनी या नळीसाठी एक पत्र लिहिले?

चीनने 2028 च्या सुमारास आपले यान पाठवून 2031 पर्यंत मंगळाची माती आणण्याचे ठरविले आहे. ते दुसऱ्या जागेची माती आणतील. ठिपक्यांचा दगड तेथे नसेल. त्या मातीचा वाटा दुसऱ्या देशांच्या प्रयोगशाळांना मिळतो की नाही, निकाल कोण तपासतो, आणि तपासणाऱ्याला "पटले नाही" असे लेव्हिनप्रमाणे उभे राहून म्हणता येते की नाही, याकडे आपण आतापासून लक्ष ठेवावयास हवे.